वल्हांडणाची भाकरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने यंदा ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या) आधी यहुदी पद्धतीचे वल्हांडणाचे भोजन, म्हणजे सेदेर, करून पाहावे, येशूने जे केले तेच आपण करू, असा प्रस्ताव मांडला आणि कमिटीतला सभासद म्हणून मला मत विचारले. सभेत मी घाईघाईने 'नको' म्हणालो. मुलांचा हिरमोड झाला, आणि कारणे नीट न सांगता दिलेला नकार मलाही नंतर टोचत राहिला, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो.

मराठी पवित्र शास्त्रात या सणाला 'वल्हांडण' म्हटले आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायानुसार इस्राएली घराण्यांनी एक वर्षाचा निर्दोष नर कोकरू दहाव्या दिवशी निवडायचा, चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचा, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे, मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकर आणि कडू भाजीबरोबर खायचे, तेही कंबर कसून, पायांत जोडे आणि हातात काठी घेऊन. त्या रात्री मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, प्रथमजन्मलेले मेले आणि ज्या दारांवर रक्त होते ती घरे मृत्यूने ओलांडली. यहुदी पंचांगातल्या निसान महिन्यातली ही पौर्णिमेच्या तोंडावरची रात्र बऱ्याच वर्षी आपल्या हनुमान जयंतीच्या आसपास येते, कारण दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात आणि अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ राखतात.

'बेखमीर भाकर' या शब्दांनी मात्र मला लहानपणी फार गोंधळात टाकले होते. संडे स्कूलच्या बाईंनी सांगितले की ही भाकर पीठ न आंबवता केलेली असते. मी घरी येऊन आईला विचारले, तेव्हा ती तव्यावरची ज्वारीची भाकरी उलटत म्हणाली, "मग आपल्याकडे रोजच सण आहे की." तिचे खरेच होते. ज्यांची रोजची भाकर फुगवलेली असते त्यांना सात दिवस घरातले खमीर काढून टाकणे जाणवते. आम्हाला फार तर कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव सोडावा लागेल. मिसरातून निघताना कणीक फुगण्याची वाट पाहायलाही वेळ नव्हता, ही त्या भाकरीतली घाई भाकरी खाणाऱ्या समाजाला मुद्दाम समजावून घ्यावी लागते.

ख्रिस्ती माणसाला हा सण लागू कसा होतो, याचे उत्तर शुभवर्तमानांत दोन प्रकारे मिळते. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूने शिष्यांबरोबर घेतलेले शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. योहान सांगतो की वधस्तंभावरचे मरण वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी आले, आणि कोकराचे हाड मोडू नये या जुन्या नियमाची आठवण ठेवून तो येशूचे पाय मोडले गेले नाहीत हेही नोंदवतो. हे दोन हिशेब जुळवण्यात अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला ते जुळवावेसे वाटत नाहीत. एकात तो सण जेवतो आणि दुसऱ्यात तो स्वतःच कोकरा आहे, आणि मंडळीने दोन्ही जपले. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर थेट ख्रिस्तालाच आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हटले आहे, आणि लगेच पुढे कपटाचे जुने खमीर काढून सात्त्विकतेच्या आणि खरेपणाच्या बेखमीर भाकरीने सण पाळावा, असे सांगितले आहे. म्हणजे पीठ राहिले बाजूला, झाडझूड मनाची करायची.

ख्रिस्ती लोकांनी हा सण, म्हणजे आपले ईस्टर, केव्हा पाळायचा, यावरून पहिल्या शतकांतच वाद झाला. आशिया मायनरमधल्या मंडळ्या निसानच्या चौदाव्या दिवसाला धरून होत्या आणि रोमची मंडळी रविवारला. दुसऱ्या शतकाच्या मध्याला स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प रोमचा बिशप अनिसेतस याला भेटला. दोघांपैकी कोणीही आपला दिवस सोडला नाही, पण प्रभुभोजन एकत्र घेऊन ते शांततेने वेगळे झाले. ३२५ साली निकाया येथील परिषदेने ईस्टर यहुदी गणनेपासून वेगळे केले. त्याचा परिणाम म्हणून २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला होते आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाले. परिषदेपेक्षा ती दोन म्हाताऱ्यांची भेट मला अधिक ख्रिस्ती वाटते, हे माझे वैयक्तिक मत.

आता सेदेरविषयी. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि कोकऱ्याचे अर्पण थांबले. त्यानंतर घरातल्या मेजावर या भोजनाचा जो क्रम बसत गेला, त्याचे द्राक्षारसाच्या चार प्याल्यांसह वर्णन साधारण इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात सापडते. तेव्हा 'येशूने जे केले तेच आपण करू' हा मुलांचा युक्तिवाद टिकत नाही. दुसरे कारण मला अधिक जवळचे आहे. ठाण्यात टेंभी नाक्याला १८७९ साली बांधलेले शार हाशामाईम हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, आहे. तिथले बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले यहुदी लोक, आपल्यासारखेच मराठी बोलतात, आणि त्यांच्यासाठी वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली होती. ज्यांच्या घरात हा सण जिवंत आहे ते लोक रिक्षाच्या अंतरावर असताना आपण हॉलमध्ये त्याचा प्रयोग लावणे मला अवघड वाटते. युरोपात मध्ययुगात नेमक्या याच सणाच्या दिवसांत यहुद्यांवर ख्रिस्ती मुलांच्या रक्ताचे खोटे आळ घेतले गेले, हेही विसरता येत नाही. त्यांच्यापैकी कोणी बोलावले तर अवश्य जावे, पाहुण्यासारखे बसावे आणि ऐकावे.

आपले वल्हांडण आपल्याकडे आहेच. गुरुवारी मंडळीतल्या दोघीजणी मैद्याची जाड, बिनमिठाची पोळी भाजून आणतात आणि पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर मोडतात. मोडतानाचा तो कोरडा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो.

आणि एक वल्हांडण आमच्या मजल्यावरही असते. समोरच्या मलयाळी काकू पवित्र गुरुवारी तांदूळ आणि उडदाचे पीठ न आंबवता वाफवून पेसहा अप्पम करतात आणि त्यावर ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा क्रूस ठेवतात. रात्री प्रार्थना झाल्यावर घरातला वडील माणूस तो कापतो आणि गूळ व नारळाच्या दुधाचे 'पाल' घालून लहानमोठ्या सगळ्यांना वाटतो. 'पेसहा' हे वल्हांडणाच्या मूळ नावाचेच रूप आहे. गेली अनेक वर्षे कापण्याचे काम काका करत. डिसेंबरात काका गेले, आणि वर्षभरात ज्या घरात मरण आले त्या घरी पेसहा करत नाहीत. दुसऱ्या घरून आणून देतात. यंदा त्यांची नणंद नेरूळहून स्टीलच्या डब्यात अप्पम घेऊन आली. रात्री साडेनऊच्या सुमारास काकूंनी आमची बेल वाजवली. हातात झाकलेली वाटी होती. मी आत बोलावले, पण त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणी तरी आणून द्यायचे असते ना, म्हणून तुमच्यासाठी पण ठेवले."