तुम्ही विचारलेत म्हणून : ही जुनी जीप मी का विकत नाही?

लग्नाच्या मांडवात, कृषी केंद्राच्या ओट्यावर आणि दर दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या भाच्याच्या तोंडून मला एकच प्रश्न ऐकू येतो, "मामा, हे धूड कशाला ठेवलं? विकून टाका नं." दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गोठ्याशेजारी उभी असलेली ही महिंद्राची सीजे ५०० डी वडिलांनी १९८१ मध्ये घेतली. आजवर मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे.

जीप म्हटली की लोकांना युद्ध आठवते, आणि ते खरेही आहे. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली, बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना दिला आणि पुढे विलिस या दुसऱ्या कंपनीचे साठ अश्वशक्तीचे इंजिन सर्वांना मागे टाकून गेले. माझ्या जीपचा सांगाडा त्याच घराण्यातला असला, तरी तिचे काळीज मात्र शेतातले आहे. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सोबतीने ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि त्यांच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावरून या जीपचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बेतले गेले. मला जीप विकवत नाही, त्याचे मूळ येथेच आहे. तिला दुरुस्तीसाठी शहरात न्यावे लागत नाही. बसस्टँडमागचा ट्रॅक्टरचा मिस्त्री पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते सांगतो, आणि त्याचे निदान मी सहसा चुकलेले पाहिले नाही.

दुसरे कारण आमची माती. कपाशीला मानवणारी ही काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून चाकाला अशी चिकटते की मडगार्डखाली गच्च भरून चाकच फिरेनासे होते. वावराकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी मी थांबतो, गिअरच्या दांड्याशेजारच्या दोन छोट्या दांड्यांपैकी एकीने पुढच्या चाकांना ओढीला लावतो आणि दुसरीने गाडी 'लो'मध्ये घालतो. त्यामुळे वेग जवळपास अडीच पटीने घटतो आणि ओढ त्याच प्रमाणात वाढते, म्हणून पाय अॅक्सिलरेटरवर न दाबताही जीप बैलाच्या चालीने नाला चढते.

या दांड्यांनी मला एकदा धडाही शिकवला. चिखलातून निघून मी तसाच कोरड्या डांबरी रस्त्याला लागलो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण पुढची चाके ओढीला लावलेली असताना या गाडीत पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी जखडलेले असतात, त्यामुळे दातचाकांवर ताण चढत गेला आणि दांडी हलेना. मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, "भाऊ, चार हात रिव्हर्स घ्या." घेतली, आणि खट्ट आवाज करून दांडी सुटली.

तिच्यात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती भट्टी होते, नागपूरला जाताना शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागते आणि दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती पुन्हा तपासणीला न्यावी लागते. लांबच्या प्रवासाला मी एसटीनेच जातो, हेही भाच्याला ठाऊक आहे.

आणखी एक, थंडीत सकाळी चावी फिरवण्याआधी सिलिंडर आधी गरम करणारे हीटर प्लग तापेपर्यंत थांबावे लागते. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग सध्या तापत नाही. कापूस वेचणी सुरू होण्याआधी तो बदलून घ्यायचा आहे.