कॉन्ट्रा आणि कोनामी

आज जामनेरला ताईकडे गेलो तर भाचा कॉम्प्युटरवर ‘कॉन्ट्रा’ हा जुना गेम खेळत होता. “मामा, तीस लाइफ कशा घ्यायच्या?” रिमोट हातात घेतला आणि अंगठा आपोआप चालला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पोरगं बघतच राहिलं!

हा कोड ‘कॉन्ट्रा’ बनवणाऱ्या कोनामी या जपानी गेम कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६च्या ‘ग्रेडियस’ या कोनामीच्याच गेमची चाचणी घेताना गेम त्यांनाच फार अवघड जात होता, म्हणून केलेली सोय; पुढे तीच ‘कॉन्ट्रा’तही आली. तेव्हा कोनामीत असं डोकं चालायचं.

पुढे त्याच कोनामीने २०१९ला जुने ‘कॉन्ट्रा’ आणि जुने ‘कॅसलव्हेनिया’ गेम दोन वेगळ्या संचांत बांधून विकले, २०२३ला ‘मेटल गिअर सॉलिड’. २०२४चा ‘सायलेंट हिल २’ही २००१चाच, नव्याने घडवलेला. जुने गेम जपलेच पाहिजेत, भाच्याला ते मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण भो, नुसत्या जुन्या पुण्याईवर किती दिवस काढणार? म्हणून २०२५चा ‘सायलेंट हिल एफ’ मला महत्त्वाचा वाटतो. १९६०च्या दशकातलं जपानी गाव, नवी नायिका, नवी गोष्ट. कोनामीकडून मला असंच काम हवंय.