‘नो ब्रोकरेज’ लिहिलंय, मग हे पैसे कसले?

जाहिरात अशी: खारघरचा टू बीएचके, भाडं 25 हजार, डिपॉझिट 1 लाख, वर ठळक ‘नो ब्रोकरेज’. फोन केला की ‘तो कालच गेला, दुसरा दाखवतो’. हा दुसराच खरा माल. पहिला फक्त गळाला लावलेला.

दलाली नाही म्हणणारा बहुतेकदा ती भाडेकराराच्या (अ‍ॅग्रीमेंटच्या) खर्चात घालतो. हिशोब स्वतः मांडा. 11 महिन्यांचं भाडं 2,75,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण 9,200. या बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम 710 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर किरकोळ हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी. एजंट सात-आठ हजार सांगत असेल, तर पावत्या मागा. सरकारी चलनावर आकडा छापलेला असतो.

सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) मालकाचं, तेही सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांपर्यंतच. ते भाड्यात आहे की वेगळं, हे टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून 10 मिनिटं’ संध्याकाळी सातला रिक्षाने जाऊन तपासा (रविवारी सकाळी नको!). घर बघायच्या आधी ‘गेट पास’चे (सोसायटीत आत सोडायचे) पैसे मागितले, की फोन ठेवा.