श्रमदानाला माणसे टिकतात कशी?

आसपासच्या गावांतील सरपंच आणि बचत गटांतील ताई भेटल्या की हमखास विचारतात: पहिल्या रविवारी श्रमदानाला चौक भरतो, तिसऱ्या रविवारी चारच डोकी उरतात, तुमच्याकडे माणसे टिकली कशी? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. “सर्वांनी यावे” अशी दवंडी देणे आम्ही बंद केले, कारण तिला बांधील कोणीच नसतो. आता आदल्या संध्याकाळी एकेकाच्या दारी ठरावीक काम घेऊन जातो: “काकाजी, उद्या सहा ते आठ, शाळेपासून तुमच्या घरापर्यंतची नाली; तुमची सब्बलही लागेल.” सब्बल मागितली की माणूस सहसा तिच्यासोबत येतोच.

पेरणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना रोजी बुडवून कोणी येत नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही मला अन्यायाचे वाटते. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की मृगापर्यंतचे दिवस खरे कामाचे; मात्र वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकतो, म्हणून आठनंतर कुदळ खाली.

नालीतून गाळ काढणारे हात मिळतात. अडते ते पुढे. काठावर टाकलेला गाळ उचलला नाही तर पहिल्याच पावसात तो पुन्हा नालीत उतरतो आणि “आपण कशाला खपलो” असे म्हणत माणसे घरी बसतात. म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉली कोणाची आणि डिझेल कोणाचे, हे आधी ठरवावे. सांडपाणी जमिनीत मुरवण्यासाठी खोदतो त्या शोषखड्ड्याचेही तसेच. आपल्याकडील काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. चार फुटांवर मुरूम लागला नाही तर तो लागेपर्यंत खोदावे लागते. त्याआधीच दगड भरून मोकळे झाले, की पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि पुढच्या घरची बाई आपल्या अंगणात खोदू देत नाही.

शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आमच्याकडे हा क्रम उलटतो. भाषणे आधी होतात आणि ऊन चढते. पाहुण्यांना आम्ही नाही म्हणत नाही, फक्त वेळ सकाळी सहाची देतो.

चहा मात्र दर खेपेस वेगळ्या मोहल्ल्यात ठेवावा. एकाच वाड्यावर ठेवला, तर काही घरची माणसे कप हाती न घेताच परततात, आणि पुढच्या रविवारी त्यांना बोलवायला कोणत्या तोंडाने जाणार?