तुम्ही विचारलंत म्हणून: आतबट्ट्याचं पाणी

जलविद्युत केंद्रात नोकरी करतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीत असो की एसटीत, एक प्रश्न ठरलेला. "खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, तेच खाली सोडून वीज करायची. चढवायला चार युनिट, हाती येणार तीन. हा कसला धंदा?"

हिशेब अगदी बरोबर आहे. पाणी असं वर-खाली फिरवणाऱ्या प्रकल्पाला उदंचन प्रकल्प म्हणतात, आणि त्यात साधारण तेवढीच तूट येते. मामांनीही हेच विचारलं, तेव्हा आम्ही सिन्नरकडच्या त्यांच्या कांदाचाळीसमोर बसलो होतो. एप्रिलात भरलेला उन्हाळी कांदा, फटींतून खेळणारं वारं, आणि मामी सडका-काजळी आलेला निवडून बाजूला टाकत होत्या.

"मामा, घट किती धरता?"

"पाव हिस्सा गेलाच समज."

"मग एप्रिलातच का नाही विकला?"

मामा नुसतेच हसले.

दुपारची सौर वीज म्हणजे एप्रिलातला कांदा. सगळ्यांचा एकदमच काढणीला आलेला, भाव पडलेला. सात वाजता ऊन गेलेलं, घरोघरी दिवे-टीव्ही लागलेले, तेव्हा त्याच युनिटला मोल येतं. ग्रिडच्या तारेत वीज ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी बनवावी लागते. पाणी वर नेऊन ठेवलं तर दुपार संध्याकाळपर्यंत टिकते. पूर्वी हे पंप रात्री चालवायचे, कारण कोळशाची केंद्रं रात्री बंद करता येत नव्हती आणि वीज उरायची. सौर विजेने घड्याळच फिरवलं.

मात्र उंची हवी. तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा मीटरवरून रिकामी केली तर नऊ वॅटचा एक बल्ब तीनेक तास चालेल. तेवढंच पाणी चारशे मीटरवरून सोडलं तर जवळजवळ एक युनिट. सह्याद्रीची धार इथे कामाला येते. २००८ साली सुरू झालेल्या घाटघरच्या प्रकल्पात वरचं तळं घाटमाथ्यावर, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला, आणि दोघांच्या मधे डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटची दोन यंत्रं. क्षमता २५० मेगावॉट.

यंत्र एकच असतं. एका दिशेने फिरलं की टर्बाइन, उलट फिरलं की पंप. पण एवढं धूड पाण्यात बुडालेलं असताना उलटं सुरू करणं सोपं नाही. म्हणून आधी दाबाची हवा सोडून चाकाखालचं पाणी खाली रेटतात. चाक हवेत गरगरत पूर्ण वेगाला येतं, ग्रिडशी जुळतं, मग हवा काढून पाणी परत वर येऊ देतात. त्या वेळी पायाखालची फरशी जी थरथरते, ती नव्या माणसाला भूकंपच वाटते. मलाही वाटला होता, आणि मी हातातला चहा सांडला होता.

आता दुसरी बाजू. पाणी तेच ते फिरतं म्हणून निसर्गाला धक्काच नाही असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. बोगदा खणला की दगडमाती कुठेतरी टाकावी लागते, डोंगराचे झरे वाट बदलू शकतात, आणि वरचं तळं बहुतेकदा कुणाच्या तरी कुरणावरच येतं. माझं मत विचाराल तर आधी बांधून झालेल्या धरणांकडे बघा. पैठण आणि उजनीला १२-१२ मेगावॉटची उलटसुलट फिरणारी यंत्रं आहेत. धरणाच्या पायथ्याशी कालव्याला सोडलेलं पाणी तसंही शेताकडे जाणारच असतं. वाटेत टर्बाइन फिरवून गेलं तर त्याचं काय बिघडतं? या कामात फीत कापण्याची हौस भागत नाही, एवढीच अडचण.

आणि दोन्ही तळी लागतात, हेही विसरायचं नाही. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या केंद्रात २०० मेगावॉटची सहा उलटी फिरणारी यंत्रं बसली, पण खाली पाणी अडवणारा बंधारा नसल्याने कितीतरी वर्षं त्यांना पंपाचं काम करताच आलं नाही.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि संध्याकाळचा भाव पडला तर? त्या मोठ्या बॅटऱ्या येताहेत म्हणे."

येताहेत, आणि स्वस्तही होताहेत. दोन-तीन तासांसाठी त्याच बऱ्या पडतात. सहा-आठ तासांचा साठा आणि चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य हवं तर अजून तरी डोंगरच परवडतो, असं मी म्हटलं. 'अजून तरी' हे शब्द मामांनी बरोब्बर पकडले.

"म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच," पुढ्यातला एक सडका कांदा उकिरड्यावर भिरकावत ते म्हणाले, "चाळ बांधायची आन् भाव बघत बसायचं."