एकाच सुराची आरिया

ऑपेराच्या तालमींना पियानोवर साथ करणं हे माझं काम. त्या मोसमात इटलीत संगीतकार रोसिनीचा ‘चीरो इन बाबिलोनिया’ हा ऑपेरा बसत होता. 1812 साली फेरारात, ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत तो पहिल्यांदा झाला. उपासाच्या त्या काळात रंगमंचावर धार्मिक विषय चालत, म्हणून बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातली बेलशस्सरची मेजवानी निवडलेली. रोसिनी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा.

यात आर्जेने या दुय्यम पात्राला एक आरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं, आहे, ‘की दिस्प्रेत्सा ल्यिन्फेलीची’. सगळी एकाच सुरावर, बी फ्लॅटवर. गायिकेचा तेवढा एकच सूर बरा होता, म्हणून चाल वाद्यांना दिली, असं रोसिनीनेच उतारवयात जर्मन संगीतकार हिलरला सांगितलं. किस्सा ऐकून लोक हसतात. गायला उभं राहिलं की हसू पळतं.

वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्याच तालमीत आमची आर्जेने चढी लागू लागली. वाद्यवृंद जुन्या धाटणीचा, ‘ए’ हा सूर 430 हर्ट्झवर लावलेला. तालीमखोलीतला पियानो 440 वर. तिच्या गळ्यात 466 हर्ट्झचा बी फ्लॅट मुरलेला आणि हवा होता 456 च्या आसपास. बाकीचे गायक दोन ओळींत जुळले, कारण चाल त्यांना ओढून नेते. हिला ओढायला चालच नव्हती. कंडक्टर “खाली, खाली” म्हणाला, तशी ती पार उतरली.

पियानो 40 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवायला ट्यूनरने साफ नकार दिला, आणि बरोबरच होतं. एवढा ताण सैल केला की तारा आठवडाभर जागेवर राहत नाहीत. मग डिजिटल कीबोर्डवर 430 लावून मधल्या सुट्टीत बसलो. चाल गाळली, नुसते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरले. बी फ्लॅट मेजरवर तिचा सूर षड्ज, ई फ्लॅटवर पंचम, जी मायनरवर कोमल गंधार. हा गंधार शुद्ध मिळायला कीबोर्डपेक्षा साधारण 16 सेंट चढा हवा. तंबोऱ्याखाली षड्ज हलत नाही, इथे सूर स्थिर आणि षड्जच पायाखालून सरकतो.

दुसरी भानगड श्वासाची. प्रत्येक विरामाला ती छातीभर श्वास घेत होती. तो खर्चायला लांब तान नाही, मग उरलेली हवा आवाजाला रेटते आणि सूर चढतो. निम्मे श्वास पेन्सिलीने खोडले. पुढे शब्द नुसते लयीत बोलायला लावले. ‘दिस्प्रेत्सा’तल्या ‘त्सा’आधी क्षणभर अडलं की तोच सूर नवा वाटतो. रंग बदलायला एवढंच हाताशी आहे.

संध्याकाळी पुन्हा घेतलं तेव्हा सूर बसला, फक्त शेवटच्या आवर्तनात थकून किंचित उतरला. कंडक्टरने तिथे वाद्यवृंदाचा आवाज कमी केला आणि लय जराशी पुढे नेली.