वळिवड्याच्या फलाटावर

कोल्हापुरात इतकी वर्षे राहूनही वळिवडे स्थानकावर मी कधी उतरलो नव्हतो. मिरजेला जाताना ते नाव खिडकीतून दिसायचे आणि मागे पडायचे. या वेळी मात्र मुद्दाम तेवढेच तिकीट काढले.

छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून पॅसेंजर सुटली आणि थोड्याच वेळात गूळ मार्केटचा थांबा आला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तिला गुळाच्या व्यापाराने भरभराट आली, आणि त्या व्यापाराची आठवण या थांब्याच्या नावातच राहिली आहे. खुद्द रेल्वे मात्र पेठेच्याही आधीची. कोल्हापूर संस्थानने स्वतःच्या खर्चाने बांधलेला मिरज–कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि त्यावर गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होते. रूळ तेव्हा मीटर गेजचे होते. ते ब्रॉड गेज व्हायला १९७१ साल उजाडले.

वळिवड्याला गाडी जेमतेम मिनिटभर थांबली. माझ्याबरोबर उतरलेल्यांपैकी बहुतेकजण गांधीनगरच्या कापड बाजाराकडे निघाले होते. लहान स्थानकाकडून माणसाला फार काही लागत नाही : तिकीट खिडकी, पिण्याचे पाणी, बसायला बाकडे आणि वेळेवर येणारी पॅसेंजर. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, कारण मार्ग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी क्रॉसिंगला थांबावे लागते, आणि रोज कामाला जाणाऱ्याचे सगळे वेळापत्रक त्यावर अवलंबून असते.

फलाटावर उभा राहिल्यावर माझ्या मनात १९४३ साल होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबांना सायबेरिया आणि मध्य आशियाकडे हद्दपार केले. पुढे तेथून सुटका झालेल्यांपैकी बरेचजण इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि त्यांतील सुमारे पाच हजार लोकांची, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांची, छावणी वळिवड्याला उभी राहिली. हिंदुस्थानातील पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी वसाहत होती. तिथे शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. जामनगरजवळच्या बालाचडी येथील छावणी बंद झाल्यावर तिथली अनाथ मुलेही १९४६ मध्ये इथेच आणली गेली. बर्फातून, उपासमारीतून आणि अनेक देशांमधून आलेल्या त्या मुलांच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा याच मार्गावरच्या मीटर गेजच्या गाडीत पार पडला, या विचाराने मी बराच वेळ रुळांकडे पाहत राहिलो. आम्हा कोल्हापूरकरांना पंचगंगा ओलांडून जाणारी ही वाट रोजची. त्यांना मात्र ती कित्येक वर्षांनंतर सुरक्षित मुक्कामाला नेणारी वाट होती.

१९४८ पर्यंत पोलिश मंडळी निघून गेली. फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे मग त्याच छावणीत आली आणि त्यातून गांधीनगर वाढले. स्थानकापासून पायी हिंडताना घाऊक कापडाची दुकाने, टेम्पोंची गर्दी आणि गठ्ठे उचलणारे हमाल दिसतात. छावणीच्या खुणा मात्र शोधाव्या लागतात. पोलिश वास्तव्याचा स्मृतिस्तंभ कोल्हापुरात महावीर उद्यानात आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्या छावणीत लहानपण घालवलेली काही वृद्ध माणसे पुन्हा कोल्हापुरात आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापुराने हा रेल्वेमार्ग बंद पडला होता, आणि २०२१ च्या जुलैमध्येही पंचगंगेच्या पुराने गाड्या थांबवल्या. वळिवडे आणि रुकडी यांच्यामधल्या पुलाखाली पाणी चढले की इकडच्या सगळ्यांच्या नजरा त्या पुलाकडे लागतात.

परतीच्या पॅसेंजरला बराच वेळ होता. बाकड्यावर माझ्या शेजारी एक आजी कापडाचे दोन गठ्ठे सांभाळत बसल्या होत्या. गाडी दिसताच त्यांनी एक गठ्ठा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “एवढा वर चढवून द्या बघू, गाडी इथं फार थांबत नाही.”